स्वच्छ धुतलेला पाय

अप्पांचा पाय स्वच्छ होता, हीच सगळी भानगड होती.

चार वर्षांत आम्ही त्यांना नाही म्हटलं तरी सहा-सात डॉक्टरांकडं नेलं असेल. दर वेळी निघायच्या दिवशी अप्पा पहाटे उठायचे, पाण्यात कडुलिंबाचा पाला उकळायचे आणि उजवा पाय त्यात बुडवून बसायचे. मग साबण. मग धोतराच्या धुवट फडक्यानं एकेका बोटाच्या फटीतून पुसणं. नखं काढणं. वर कोरी पांढरी पट्टी. डॉक्टर पट्टी सोडायचे तेव्हा आत पाय सुजून टम्म झालेला असायचा, त्याच्यावर चार-पाच छिद्रं असायची, पण पुवाचा एक थेंब दिसेल तर शपथ. डॉक्टर खूश व्हायचे. "जखम छान ठेवलीय हं काका," म्हणायचे. मग अप्पा माझ्याकडं बघायचे. बघ, शिकलेली माणसं कशी कदर करतात, असं त्या नजरेत असायचं. आज तो पाय जागेवर आहे, पण तो या स्वच्छतेमुळं राहिलेला नाही. तिच्या नाकावर टिच्चून राहिलाय.

अप्पा म्हणजे माझे वडील. लोहाऱ्याहून जळकोटकडं जाणाऱ्या रस्त्यावरच्या एका गावात त्यांचं किराणा दुकान आहे आणि मागं थोडं रान आहे. आम्ही लिंगायत. घरात निम्मं मराठी चालतं, निम्मं कानडी, आणि भांडण असलं की दोन्ही एकदम. आईला आम्ही अव्वा म्हणतो. भाऊ, भावजय आणि त्यांची पाच वर्षांची पोर अप्पांजवळच राहतात. ती पोर दिवसभर दुकानात अप्पांच्या मांडीवर बसून गिऱ्हाइकांना गोळ्या-बिस्किटं देते आणि त्यातली निम्मी स्वतः खाते.

मी लोहाऱ्याला तहसील कचेरीत क्लार्क आहे. माझा आवाज चढा आहे असं तिथं सगळे म्हणतात, आणि ते खरं आहे. दिवसभर लोकांना एकच गोष्ट सांगून माझं डोकं फिरतं. कागद आहे तसा आणा. आहे तसा. तर लोक सातबारा लॅमिनेट करून आणतात, का तर फाटू नये. आता त्या प्लास्टिकवर मी शिक्का कुठं मारू? दाखल्यात नाव चुकलं तर ते खोडून, वर सुंदर अक्षरात दुरुस्त करून आणतात, आणि झाला मग तो दाखला बाद. हेतू कुणाचा वाईट नसतो. कचेरीत जायचंय तर कागद नीट दिसावा, एवढंच. त्यांच्यावर मी रोज ओरडते. आणि घरी माझा सख्खा बाप तेच करत होता, त्याचा मला चार वर्षं पत्ता नव्हता.

पायाचं सुरू झालं ते तुरीच्या रानात. तूर कापल्यावर जमिनीत खुंट राहतात, सुरीसारखे तिरके. अप्पांना रानात चप्पल घालायची म्हणजे पाप वाटतं. एक खुंट तळव्यात घुसला, काढला, हळद भरली, विषय संपला. वर्षभरानं तिथं एक गाठ आली. दुखत नव्हती. आमच्या घरात जे दुखत नाही ते दुखणंच नाही, त्यामुळं त्या गाठीकडं कुणी बघितलं नाही. मग ती फुटली, भरली, शेजारी दुसरी आली. पाय हळूहळू जाड होत गेला. गावातल्या डॉक्टरनं इंजेक्शन दिलं. तालुक्याच्या डॉक्टरनं दुसरं दिलं. एकानं साखर तपासली, ती नव्हती. एकानं पू तपासायला दिला, तर धुवून आणलेल्या पायात पू कुठला? रिपोर्ट आला, काही आढळलं नाही. एकानं हाडाचा टीबी म्हणून नऊ महिने गोळ्या दिल्या. अप्पांनी एकही न चुकवता घेतल्या. लघवी लाल झाली, भूक गेली, पाय होता तसाच.

शेवटी सोलापूरला एका सर्जनकडं फोटो काढले. त्यात टाचेची आणि मधली हाडं पोखरलेली दिसत होती, किडक्या ज्वारीसारखी. सर्जन सरळ माणूस होता. म्हणाला, वाट बघण्यात अर्थ नाही, गुडघ्याखाली काढून टाकू, म्हणजे वरचा पाय तरी शाबूत राहील. त्यानं सोमवारची तारीख दिली.

मी ते फोटो परत परत बघत होते. अप्पांनी मात्र मान हलवली आणि विचारलं, "सोमवार सोडून दुसरा वार न्हाय का साहेब?"

सोमवार शंकराचा वार, उपवासाचा. पाय कापायचं म्हटल्यावर माझ्या बापाला एवढीच हरकत सुचली. सर्जननं बुधवार दिला. अप्पांनी हात जोडले.

घरी आल्यावर मी त्यांच्याशी भांड भांड भांडले. तुम्ही रोज मांडी घालून, डाव्या तळहातावर इष्टलिंग घेऊन तासभर पूजा करता, ती कशी करणार? दुकानाचा ओटा कसा चढणार? रानात कसं जाणार? ते सुपारी कातरत बसले होते. "जाईल तर जाऊ दे की," म्हणाले. "वय झालं. डॉक्टर म्हणतोय ते चुकीचं का आसंल?" भाऊ दारात उभा, अव्वा पदर तोंडाला लावून बसलेली. इतक्या सहज माणूस जुनी गादीसुद्धा टाकून देत नाही. मला काही केल्या त्यांचं गणित कळेना, आणि कळत नाही म्हणून आणखी चीड यायची.

कापण्याआधी कातडीच्या डॉक्टरांचं मत घेऊन या, असं त्या सर्जननंच चिठ्ठीवर लिहून दिलं होतं. म्हणून मंगळवारी आम्ही परत सोलापूरला गेलो. कातडीच्या विभागात एक डॉक्टरबाई होती, वयानं माझ्याहून कितीतरी लहान. तिनं पट्टी सोडली, फोटो उजेडाला धरले, पायाकडं बघितलं, परत फोटोकडं बघितलं. मग म्हणाली, "कापायची तारीख कधी आहे?"

"येत्या बुधवारी नाही, पुढच्या," मी सांगितलं.

तिनं मला खुर्ची ओढून बसायला सांगितलं. म्हणाली, हा रोग मातीतून येतो आणि बाहेरून एकसारखा दिसत असला तरी दोन तऱ्हेचा असतो. एकात पायात बुरशी शिरलेली असते. ती हाडात एवढी मुरली असेल तर सर्जन म्हणतात ते बरोबर आहे, बहुतेक कापावंच लागेल. दुसऱ्यात बुरशीसारखे वाढणारे जिवाणू असतात. त्यांच्यावर औषध आहे. हाडापर्यंत गेलेले असले तरी पाय वाचतो.

"मग यांना कोणता आहे?"

"ते पाय बघून नाही कळत. या छिद्रांतून बारीक दाणे पडतात. रव्याएवढे, खसखशीएवढे. तो जंतूंचाच गठ्ठा असतो. काळे असले तर बुरशी. पांढरे-पिवळे असले तर बऱ्याचदा जिवाणू, पण मला ते फोडून मायक्रोस्कोपखाली बघावं लागतं." मग ती अप्पांकडं वळली. "काका, पायातून असे दाणे येतात का?"

"न्हाय," अप्पा म्हणाले.

"कधीच नाही?"

"न्हाय ओ बाई. थोडं पाणी येतंय, बाकी काय न्हाय."

तिनं छिद्रं दाबून बघितली. बॅटरी लावून बघितलं. एका छिद्राच्या काठाला पांढरं काहीतरी दिसलं तशी ती चिमटा घेऊन झेपावली. ती विभूती निघाली. मग तिनं चिमटा खाली ठेवून विचारलं, "आज सकाळी पायाला काय काय केलंत?" अप्पांनी अगदी उत्साहानं सगळी कृती सांगितली, पाला किती घ्यायचा इथपासून. ती ऐकत होती आणि तिचा चेहरा हळूहळू पडत चालला होता.

"काका," ती म्हणाली, "मला जे बघायचंय ते तुम्ही धुवून टाकून येता."

त्या क्षणी मला माझी कचेरी आठवली.

तिनं सांगितलं ते असं. शुक्रवारपर्यंत पाय धुवायचा नाही. अंघोळ करा, पण पायाला प्लास्टिकची पिशवी बांधून. मी बांधते ती पट्टी सोडायची नाही, आहे तशी घेऊन या. दाणे मिळाले नाहीत तर भूल देऊन आतून तुकडा काढून तपासता येतो, पण त्याला नंबर लावावा लागतो आणि कापायची तारीख त्याच्या आधी येते. ती तारीख पुढं ढकला म्हणायचं तर सर्जनपुढं ठेवायला माझ्याजवळ काहीतरी पाहिजे.

बस्स. एवढंच काम होतं. तीन दिवस पाय न धुणं. जगात याच्याहून सोपं काम मला माहीत नाही.

शुक्रवारी मी लोहाऱ्याहून निघालेल्या जीपमध्ये पुढं जागा धरली, वाटेत गावातून अप्पांना घेतलं, जळकोटला उतरून एसटी पकडली. ते अगदी शहाण्यासारखे बसून होते. दवाखान्यात पाय वर घेतला, डॉक्टरबाईनं बघितलं आणि माझ्याकडं बघितलं. पट्टी कोरी होती. तिनं बांधलेली नव्हती.

"जुनी पट्टी कुठाय काका?"

"जाळली."

"का जाळली?"

"वास मारत होती बाई," अप्पा म्हणाले. "तुमच्या म्होरं तसली घाण आणू का? आमाला काय रीतभात न्हाय व्हय?"

मी काय काय बोलले ते इथं लिहिण्यासारखं नाही. एवढं सांगते की तिथल्या नर्सनं येऊन दंडाला धरून एकाला बाहेर नेऊन बसवलं, आणि ते अप्पा नव्हते, मी होते. आतून अप्पांचा आवाज येत होता. पोरगी जरा तापट हाय, मनावर घिऊ नका, असं ते डॉक्टरबाईला समजावत होते.

डॉक्टरबाईनं परत पट्टी बांधली, मला हातमोजे आणि पाण्यासारखं औषध भरलेली एक छोटी निर्जंतुक बाटली दिली, आणि सोमवारी सकाळी या म्हणाली. सोमवारनंतर मध्ये एकच दिवस उरत होता.

मी कचेरीत फोन करून रजा टाकली आणि थेट माहेरी जाऊन ठाण मांडलं. निवडणुकीच्या ड्यूट्या करून करून मला एक काम चांगलं येतं. मी अप्पांच्या पट्टीला चहूबाजूंनी चिकटपट्टी लावली, आणि मतदान यंत्राला सील करताना करतात तशी तिच्या जोडावर बॉलपेननं सही केली, तारीख टाकली. भाऊ म्हणाला, "अक्का, तुझं हापीस घरी आणू नकोस." मी म्हटलं, तू गप बस, चार वर्षं तू याच घरात होतास.

दोन दिवस नुसता छळ. मला वाटलं होतं अप्पांवर नजर ठेवली की झालं. कसलं काय. सगळं घर त्यांच्या बाजूनं होतं. रविवारी आमचे गुरू जंगमस्वामी जेवायला यायचे होते, त्यामुळं अव्वा शनिवारपासून माझ्या मागं. "ब्याड ग, नको ना, तेवढं स्वामी येऊन जाऊ देत, मग घाल पाहिजे तसला घोळ." पाय खरंच वास मारायला लागला होता. भावजयीनं दुकानात उदबत्त्या लावल्या, एकावर एक, त्या धुरानं गिऱ्हाइकं खोकायला लागली. शेजारच्या काकू डोकावून म्हणाल्या, लेक असून बापाला घाणीत बसवलंय. अप्पा पायावर पोतं टाकून बसायचे, आणि नात जवळ आली की तिला हळूच दुसरीकडं सरकवायचे. ते मला दिसत होतं, पण मला वाटलं वासामुळं करतात. दर दोन तासांनी मी पोतं वर करून सही तपासत होते. सही शाबूत होती.

सोमवारी पहाटे जाग आली तर अप्पांचं अंथरूण रिकामं. नुकतं फटफटत होतं. परसात धुराचा वास आला. मी चपला न घालताच धावले.

चुलीवर पाला घातलेलं पाणी तापत होतं. अप्पा कपडे धुवायच्या दगडावर बसलेले, पाठ घराकडं. माझी सही असलेली चिकटपट्टी त्यांनी एवढीसुद्धा न फाडता ओल्या फडक्यानं सोडवून शेजारी विटेवर वाळत ठेवली होती, परत लावायला. मांडीवर पुडी बांधायचा कागद होता. आणि ते कडुलिंबाच्या काडीनं पट्टीवरून काहीतरी टिपून टिपून त्या कागदावर ठेवत होते. एकेक. सवयीच्या हातानं.

मी वाकून बघितलं. पिवळट पांढरे दाणे, रव्याएवढे. वीस-पंचवीस तरी असतील.

"हे काय आहे?" मी विचारलं.

अप्पांनी कागद मुठीत धरला. "बघू नको पोरी."

"रोज येतात?"

"रोज."

"आणि तुम्ही डॉक्टरला नाही म्हणालात? दोनदा विचारलं तिनं. दोनदा."

ते खाली बघत म्हणाले, "किडे हायत ते. पायात किडे पडलेत माझ्या."

आमच्याकडं हे शिवी म्हणून बोलतात. हातापायात किडे पडतील तुझ्या, असं भांडणात बाया कडाकडा बोटं मोडून म्हणतात. ज्याला खरोखर पडतात त्यानं काहीतरी मोठं पाप केलेलं असणार, हे सगळ्यांना माहीत असतं. अप्पांनी चार वर्षं रोज पहाटे घर उठायच्या आत या दगडावर बसून ते दाणे वेचले होते, चुलीत घातले होते, आणि मग अंघोळ, पूजा करून दुकान उघडलं होतं. डॉक्टरकडं जायच्या दिवशी दोनदा धुवायचे, बघताना एखादा पडला तर काय घ्या म्हणून.

माझं डोकं सणकलं. पण ओरडायला वेळ नव्हता. हातमोजे चढवले, त्यांच्या मुठीतला कागद काढून घेतला, दाणे आणि पट्टीचा तुकडा बाटलीत टाकला, झाकण घट्ट लावलं. चुलीवरचं पाणी लाथेनं उलटं केलं. त्या दिवशी अप्पा चार वर्षांत पहिल्यांदा घाणेरडा पाय घेऊन सोलापूरला गेले. जीपमध्ये त्यांनी पायावर दोन टॉवेल गुंडाळले होते आणि सगळा रस्ता कुणाच्या नजरेला नजर दिली नाही.

डॉक्टरबाईनं बाटली उजेडात धरली तेव्हा तिला हसू आवरेना. "अहो, हे केवढे आणलेत," म्हणाली, जसं काही आम्ही रानातला पहिला हरभरा आणून दिला होता. तिनं दाणे धुतले, दोन काचांमध्ये दाबून फोडले, रंग लावला आणि आत गेली. आम्ही बाकावर. अप्पा डोळे मिटून पुटपुटत होते. मला नुसतं बसवत नव्हतं म्हणून मी भिंतीवरच्या सूचना वाचत होते, त्याच त्याच.

अर्ध्या तासानं तिनं दोघांना आत बोलावलं. "जिवाणू आहेत," ती म्हणाली. "बुरशी नाही. औषध आहे याला." मग तिनं सर्जनला फोन लावला. आम्ही ऐकत होतो. तारीख रद्द करायला त्यानं एका वाक्याचीही खळखळ केली नाही, उलट काच बघायला मी खाली येतो म्हणाला.

मी त्या मुलीचे हात धरले आणि सोडलेच नाहीत. अप्पा मात्र हलले नव्हते. त्यांनी विचारलं, "किडे कशानं पडले बाई? कुणाचं काय वाईट केल्यालं तर आठवत न्हाय."

ती एक क्षण गोंधळली. मग तिला उमगलं. तिनं त्यांना मायक्रोस्कोपपाशी नेलं, स्टूल दिलं, काच सरकवून दिली. अप्पांनी टोपी काढून मांडीवर ठेवली, एक डोळा मिटला आणि खूप वेळ बघत राहिले.

"हलत न्हाईत," ते म्हणाले.

"हलणार नाहीत काका. किडे नाहीतच ते. अळ्या नाहीत, अंडी नाहीत. मातीतले जंतू आहेत, खुंट लागला त्या वाटेनं आत गेलेत. अनवाणी चालणाऱ्या कुणालाही होतं. एकाचं दुसऱ्याला लागतही नाही."

"लागत न्हाय?"

"नाही लागत."

त्यांनी परत डोळा लावला, पुन्हा एकदा खात्री करून घ्यावी तसं.

पुढचं औषधपाणी हा वेगळाच वैताग. तीन-तीन आठवडे रोज इंजेक्शन, मध्ये खंड, परत इंजेक्शन, आणि गोळ्या वर्षभराच्या वर. त्या इंजेक्शननं कान जाऊ शकतो म्हणून दर खेपेला कान तपासायचे. कानाला यंत्र लावून बसवतात, आवाज आला की बटण दाबायचं. अप्पा आवाज नसतानाही दाबायचे. का, तर तो तपासणारा इतका वेळ बसलाय, त्याला वाईट वाटू नये. तीन वेळा ती तपासणी परत करावी लागली आणि तिन्ही वेळा मी खोलीबाहेर दात-ओठ खात उभी होते. पण छिद्रं एकेक करून भरली. शेवटचं भरायला वर्ष उलटलं. घोटा मात्र आखडला तो आखडलाच. हाड इतकं खाल्लं गेलं होतं की ते परत होणार नव्हतं, डॉक्टरबाईनं स्पष्ट सांगितलं, चार वर्षांपूर्वी आले असते तर घोटाही राहिला असता. आता अप्पा मांडी घालू शकत नाहीत. खुर्चीवर बसून, पाय खाली सोडून पूजा करतात. पण पाय आहे. दुकानाचा ओटा ते काठी न घेता चढतात.

मला सांगायचंय ते मात्र त्या सोमवारच्या परतीच्या बसमधलं. औषधांची पिशवी मांडीवर होती, ऊन खिडकीतून आत आलं होतं. नळदुर्ग मागं पडलं तशी मी जरा निवले आणि इतके दिवस डोक्यात घोळत होतं ते विचारलं. "अप्पा, एक सांगा. सर्जन पाय कापतो म्हणाला तेव्हा तुम्ही एका शब्दानं नाही का म्हणाला नाहीत?"

त्यांनी पायावरचा टॉवेल नीट केला. मग म्हणाले, "कापल्यावर त्यो पाय जाळून टाकत्यात म्हणं दवाखान्यात. म्या म्हनलं, लई बेस झालं. कुणाला काय बघायची पाळीच न्हाय."

"अहो, पण पाय जात होता."

"पाय न्हाय त्याच्या दुकानात माणूस येतंय. हळहळतंय, उलट दोन जिनसा जास्त नेतंय. किडे पडल्याल्याच्या हातची साखर कोण नेईल?"

मला संताप आला. त्यांचा, त्या गावाचा, चार वर्षांचा, त्या नऊ महिन्यांच्या गोळ्यांचा. मी म्हटलं, "गावाचं मरू द्या. घरात सांगायचं होतं. मला सांगायचं होतं. मी काय परकी आहे का?"

अप्पा माझ्यावर रागावले नव्हते. आवाजही चढवला नाही. समोरच्या सीटखाली टॉवेलात गुंडाळलेल्या पायाकडं बघत म्हणाले, "तुला सांगितलं आसतं तर तूच पयलं पोरीला माझ्या मांडीवरनं उचललं आसतंस."

छे, असं काय बोलता, एवढं म्हणायला मी तोंड उघडलं, आणि मला सकाळचं आठवलं. पहाटे परसात दाणे बाटलीत भरून झाल्यावर मी हौदावर गेले होते. हातमोजे होते, तरीही मी साबण लावून हात धुतले, परत धुतले, मग कोपरापर्यंत धुतले. तेवढ्यात भावाची पोर डोळे चोळत बाहेर आली आणि आजोबांकडं निघाली. मी तिला ओल्या हातानं दंडाला धरून मागं ओढलं आणि म्हणाले, तिकडं जायचं नाही. अप्पा तेव्हा दगडावरच बसलेले होते, माझ्यापासून चार हातांवर.